पाचवी काठी

चैत्राची दुपार कलू लागली, की मिठागरांवर प्रकाशाचं पीक उभं राहतं.

तिवरांच्या झाडांच्या काळ्याहिरव्या रांगेच्या अलीकडे, खाडीच्या कुशीत, वाफ्यामागे वाफा, वाफ्यामागे वाफा. शुभ्र, स्तब्ध, आकाशधारी वाफे. मातीच्या बांधांनी आखलेली ही भूमी दुरून पाहावी, तर एखाद्या अफाट पाटीवर कुणा सूर्यहस्त शिक्षकानं चौकोन काढून ठेवलेत आणि पुसायचं विसरून गेलाय, असं वाटावं. वारा वाहतो, पाणी आटतं, आणि आटत्या पाण्याच्या तळाशी पांढरे कण जन्माला येतात.

समुद्राला कोपरा नाही. लाटेला बाजू नाही. पण तोच समुद्र उन्हात निवांत बसला, की त्याच्या पोटी येणारा कण चौकटीचा येतो. सहा अंगांचा, आठ कोपऱ्यांचा, आणि प्रत्येक कोपरा काटकोनात.

हिराजी मास्तर मुलांना हे दरवर्षी दाखवत. तळहातावर मिठाचा खडा ठेवून म्हणत, "बघा रे, याला कुणा सुतारानं गुण्या लावला नाही, कुणी फूटपट्टी धरली नाही. तरी कसा सरळ उभा आहे!" मुलं वाकून बघत. एखादं जीभ लावून बघे. मास्तर रागावत नसत. जिभेनंही भूमिती शिकता येते, असं त्यांचं मत होतं.

बहात्तर वर्षांचे मास्तर. नोकरी संपून चौदा वर्षं झालेली, शिकवणं मात्र संपलेलं नाही. मिठागराला लागून असलेल्या त्यांच्या घराच्या ओटीवर, उन्हं उतरू लागली की गावची पोरं जमत. कुणी न बोलावता, कुणी न सांगता. दाणे टाकले नसतानाही चिमण्यांनी अंगणात यावं, तशी.

आणि मास्तर आकारांच्या गोष्टी सांगत.

वर्तुळाची गोष्ट सांगताना त्यांचा आवाज मऊ होई. "याला कोपरा नाही, म्हणून याला लपायला जागा नाही. याच्या काठावर कुठंही उभे राहा, मध्य तुमच्यापासून तेवढाच दूर. देवळातल्या घंटेसारखं, सगळ्यांना सारखंच ऐकू येतं."

त्रिकोणाची गोष्ट सांगताना ते ताठ बसत. तीन काठ्या, तीन गाठी. "हा हट्टी आहे. दाबा, ओढा, ढकला. काठी मोडेल, पण हा कलणार नाही. तीन बाजू एकदा ठरल्या, की तीन कोन ठरले. दिल्या शब्दासारखे." मुलं दाबून, ओढून, ढकलून बघत. त्रिकोण हलत नसे. मास्तर हसत.

मग येई चौकोन.

बांबूच्या चार सारख्या काठ्या, चार कोपऱ्यांना सुतळीच्या चार गाठी. आणि या कोपऱ्यापासून त्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी बांधलेली पाचवी काठी. नोकरीच्या पहिल्या वर्षी मास्तरांनी स्वतः तासून बनवलेली ही चौकट. पाचव्या काठीनं तिचे दोन त्रिकोण झालेले. म्हणून तीही हट्टी, तीही निश्चल. चौतीस वर्षं शाळेत आणि चौदा वर्षं ओटीवर गावातल्या पोरांनी हाच चौकोन हाताळला. मास्तरांचा चौकोन कधी हलला नाही.

"पाचवी कशाला, गुरुजी?" असं कुणी कधी विचारलंच, तर मास्तर म्हणत, "तुमच्या हातात मोडू नये म्हणून." आणि लगेच खडू उचलून फळ्याकडे वळत.

हेच उत्तर. दरवर्षी हेच. आणि फळ्याकडे वळलेला तो चेहरा कुठल्याही मुलानं कधी पाहिला नाही.

*

त्या दुपारी ओटीवर चिंचोक्यांचा खेळ चालला होता.

चौकट सारवलेल्या जमिनीवर ठेवलेली. तिच्यात काठोकाठ चिंचोके भरायचे आणि एका त्रिकोणात किती मावतात, दुसऱ्यात किती, ते मोजायचं. जुई भरत होती. नऊ वर्षांची, दोन वेण्यांची, मास्तरांच्या धाकट्या भावाची, जोमाची नात. चिंचोक्याला चिंचोका टेकवत, एकही फट न ठेवता, ओठ घट्ट मिटून ती भरत होती. तांबूस, काळे, गुळगुळीत चिंचोके. उन्हाचा एकेक थेंब पाठीवर घेऊन बसलेले.

आणि पाचव्या काठीची सुतळी तुटली.

आवाजसुद्धा झाला नाही. अठ्ठेचाळीस वर्षांची सुतळी. ती तुटली नाही, तिनं नुसतं धरणं सोडलं. काठी बाजूला घरंगळली. जुईनं कोपरा सावरायला बोट लावलं, आणि चौकोन कलला.

हळूच, झोप आलेल्या लेकरासारखा, एका कुशीवर कलला. समोरासमोरचे दोन कोपरे चोचीसारखे अरुंद झाले. उरलेले दोन, कुणाला निरोप देताना हात पसरावेत तसे रुंद. आतले चिंचोके एकमेकांच्या अंगावर चढले, काठ्यांवरून उड्या मारून बाहेर सांडले, ओटीवर घरंगळत गेले.

"मोडलास! गुरुजींचा चौकोन मोडलास!" पोरं ओरडली.

"नाय मोडला," जुई म्हणाली. ती खाली वाकून बघत होती. "काठ्या हायत की चारच्या चार. तेवढ्याच हायत. मोठे आजोबा, बाजू तर नाय बदलल्या. मंग आतली जागा कुठं गेली?"

"तुज्या पोटात!" एक पोरगं म्हणालं, आणि सगळी ओटी हसली.

जुई हसली नाही. सांडलेले चिंचोके तिनं ओंजळीत गोळा केले.

"आनि हे भायेर पडले, हे कुनाचे?"

मास्तरांनी सवयीनं खडू उचलला.

"हा आमच्या वाफ्यासारका झाला," तिनं कललेल्या चौकटीवरून बोट फिरवलं. "आजाचा वाफा पन असाच निजलेला हाय."

पोरं गप्प नव्हती, गलका चालूच होता. पण मास्तरांना काही ऐकू येत नव्हतं. अठ्ठेचाळीस वर्षं त्यांनी ज्या एका काठीनं एक प्रश्न बांधून ठेवला होता, तो आज दोन वेण्या घालून त्यांच्यापुढे बसला होता. त्याच्या ओंजळीत चिंचोके होते.

*

अठ्ठेचाळीस वर्षांमागचा कार्तिक महिना होता. भात कापून झालेलं, मिठाचा हंगाम तोंडावर आलेला. वडील अंथरुणाला खिळलेले. डोळे मिटण्याआधी पोरांची वाटणी पाहायची, एवढीच त्यांची इच्छा.

वाफे दोनच. उगवतीचा वाफा चौरस. मावळतीचा कललेला, कारण तिथं खाडी वळण घेते आणि तिच्या वळणाबरोबर बांधही वळतो. तोवर दोन्हींचं मीठ एकाच ढिगात पडे. कुठल्या वाफ्याचं किती, हे कुणी कधी पाहिलं नव्हतं.

गावाची मोजायची रीत बांधाची. बांधावरून बांबूची काठी टाकत चालायचं, काठ्या मोजायच्या. उधाणानं फोडतो तो बांध, पाठ मोडून पुन्हा घालायचा तो बांध. म्हणून ज्याचा जेवढा बांध, त्याचं तेवढं आगर. आतलं पाणी कोण मोजतो? पाणी काय, समुद्राचं.

"मास्तर झालायस ना? मंग तूच मोज," वडील म्हणाले.

चोवीस वर्षांचा हिराजी काठी घेऊन बांधावर चढला. अध्यापक विद्यालयातून नुकताच शिकून आलेला. अंगात पांढरा सदरा, डोक्यात नवी नवी भूमिती. उगवतीचा वाफा चारी अंगांनी नऊ नऊ काठ्या. मावळतीचा वाफा. पहिला बांध नऊ. दुसरा नऊ. तिसऱ्या कोपऱ्यावर तो थांबला.

समोर तो अरुंद कोपरा होता. खाडीकडे चोच करून बसलेला.

आणि त्याला सगळं दिसलं. विद्यालयातली चार पट्ट्यांची चौकट दिसली. बाजू तेवढ्याच राहतात. कोन मिटत जातो, तशी आतली जागा मिटत जाते. त्यानं परीक्षेत हे लिहिलं होतं. सुंदर अक्षरात लिहिलं होतं. आता तेच उत्तर समोर पसरलं होतं, मातीचं, पाण्याचं, खारं.

उगवतीचा वाफा थोरल्याला, मावळतीचा धाकट्याला. घराची रीत. म्हणजे चौरस वाफा त्याचा होता.

मागून जोमा येत होता. एकवीस वर्षांचा, उघड्या अंगाचा, चिखलानं माखलेला, हसरा. "काय रं दादूस, थांबलास का? किती झाल्या?"

एक क्षण. बगळा पाण्यावरून पाय उचलतो, तेवढाच क्षण.

"नऊ," हिराजी म्हणाला. "चारी बांध नऊ. सारखेच आहेत."

"तू मोजलास ना, मंग झाला," जोमा म्हणाला, आणि त्यानं बांधावरची माती कपाळाला लावली.

उद्या सांगू, असं हिराजीला वाटलं. उद्या.

*

मार्गशीर्षात जोमाचं लग्न झालं. कमळी घरात आली. सावळी, लांब पावलांची, चालताना हसणारी मुलगी. ती बांधावरून चालली की वाफ्यातल्या पाण्यात उलटी कमळी चालायची. दोघींचे तळवे एकमेकींना टेकलेले. पहिल्या हंगामात जोमानं मीठ ओढावं आणि तिनं टोपल्या वाहाव्यात. दोघांचं हसू वाऱ्याबरोबर घरापर्यंत येई.

फाल्गुनात पहिलं मीठ काढलं. उगवतीच्या वाफ्यातून पाच टोपल्या निघाल्या, तर मावळतीच्यातून चार. दुसऱ्या खेपेला पाच, आणि चार. तिसऱ्या खेपेला पाच, आणि चार.

त्या रात्री जेवताना आई म्हणाली, "पानी तेच, ऊन तेच, वारा तोच. बांध तर मास्तरानं मोजलेले. मंग बदललाय काय? घरात पाऊल नवा आलाय."

चुलीशी बसलेल्या कमळीचा हात भाकरीवर थांबला.

हिराजीच्या तोंडात घास होता. मीठ जास्त झालं होतं की अश्रू, त्याला कळलं नाही. घास गिळला. घासाबरोबर शब्द गिळला. एकदा गिळलेला शब्द पुन्हा वर येत नाही. तो आत बसतो, आटतो, आणि आटून आटून त्याचा खडा होतो. आठ टोकदार कोपऱ्यांचा खडा.

दुसऱ्या दिवसापासून कमळीनं बांधावर पाऊल ठेवलं नाही.

कुणी बंदी केली नव्हती. मीठ पिकावं म्हणून तीच दूर राहिली. वाफ्याच्या टोकाशी, जिथं बांध गावरस्त्याला मिळतो, तिथं भेंडीचं मोठं, डेरेदार झाड आहे. त्या झाडाखाली ती दुपारची भाकरी घेऊन उभी राही. जोमा येऊन जेवे. ती उभीच. वाफ्याकडे पाठ करून उभी. आपली नजरही त्या पाण्याला लागू नये म्हणून.

तरी मीठ वाढलं नाही. मग गाव म्हणू लागलं, जोमाच्या हाताला मीठ धरत नाही. जोमा पहाटे आधी उठू लागला, उशिरा परतू लागला. त्याच्याइतकं लखलखीत मीठ आगरात कुणाचं नव्हतं, आणि त्याच्याइतकं थोडंही कुणाचं नव्हतं. हळूहळू त्याचं हसू पाण्यासारखं आटलं. थट्टेत तो स्वतःच म्हणू लागला, "माज्या हाताला नाय धरत, काय करू?" आणि तळहात उलटेसुलटे करून पाहायचा, एखादा दोष तिथं लिहिलेला सापडेल, असा.

सेहेचाळीस हंगाम कमळी भेंडीखाली उभी राहिली. दोन वर्षांमागे, मिठाचा हंगाम संपता संपता ती गेली. तिच्या टाचांनी झाडाखालच्या मातीत दोन खळगे पडले होते. दोन पावसाळे गेले, तरी ते पुरते बुजले नाहीत.

आणि मास्तर? मास्तरांनी चौकट बांधली, आणि तिला पाचवी काठी बांधली. कुठल्याही मुलाच्या हातात चौकोन कलू नये. कुठल्याही मुलानं विचारू नये. हजारो मुलांना त्यांनी कोन शिकवले, बाजू शिकवल्या, कोपरे शिकवले. एवढी एक गोष्ट शिकवली नाही.

*

उन्हं तिरपी झाली होती. पोरं घरी गेली. मास्तरांनी चार काठ्यांची चौकट बगलेत घेतली, चिंचोके धोतराच्या सोग्यात बांधले, आणि ते बांधावर चढले. बांध तोच होता, नऊ काठ्यांचा. आज तो संपेना.

जोमा मीठ ओढून थकला होता, लाकडी फावडं आडवं टाकून बांधावर बसला होता. भावाला येताना पाहून त्याच्या सुरकुत्यांत जुनं हसू क्षणभर चमकलं.

"काय मास्तर, काठ्या घेऊन आलास? मना मारतंस का काय या वयात?"

"बस इथं. एक दाखवायचं आहे."

"आता मना शालेत घालतंस?" जोमा हसला. पण बसला.

मास्तरांनी चौकट बांधावर ठेवली, चौरस केली. चिंचोके काठोकाठ भरले. मग एका कोपऱ्याला बोट लावलं. चौकट कलली. चिंचोके सांडले. बांधाच्या उतारावरून घरंगळत वाफ्याच्या पाण्यात पडले. टप, टप, टप.

जोमा बघत राहिला.

"पुन्ना कर," तो म्हणाला.

मास्तरांनी पुन्हा केलं. मग जोमानं चौकट आपल्याकडे ओढली आणि स्वतः केलं. मिठानं चिरलेल्या, भेगाळल्या बोटांनी त्यानं चारी काठ्या चाचपल्या. लांबी कमी झाली का, कुठं मोडली का. नव्हती. त्यानं मान वर केली. उगवतीकडे पाहिलं, जिथं भावाचा वाफा चारी कोपरे ताणून आभाळ तोलत होता. मग आपल्या वाफ्याकडे पाहिलं. त्या अरुंद, चोचीसारख्या कोपऱ्याकडे त्यानं खूप वेळ पाहिलं.

"मंग दादूस," तो हळू म्हणाला, "माज्या हातात दोष नव्हता?"

"नव्हता."

खाडीवरून वारा आला. पाण्यावरचं आभाळ थरथरलं, पुन्हा स्थिर झालं.

"आन् कमळीच्या पायात?"

मास्तरांनी मान हलवली. नव्हता.

"तुला कवा समजला ह्यो?"

खोटं बोलता आलं असतं. आज, असं म्हणता आलं असतं. जुईनं दाखवलं, असंही म्हणता आलं असतं, आणि ते अर्धं खरंही होतं. मास्तरांनी अरुंद कोपऱ्याकडे बोट केलं.

"तेव्हाच. तिसऱ्या कोपऱ्यावर. काठी मोजताना."

जोमा ओरडला नाही. त्यानं फावडं उचललं नाही, शिवी दिली नाही. दिली असती, तर मास्तरांनी ती पदकासारखी छातीला लावली असती. तो उठला, आणि पाठ फिरवून उभा राहिला. वाफ्याकडे पाठ, अगदी कमळी उभी राहायची तसा.

"वाफा घे माझा," मास्तर म्हणाले. "चौरस वाफा. आजपासून तुझा. कागद करून देतो."

"मीठ काय करायचाय मना आता?" जोमा म्हणाला. "दोन भाकऱ्यांना चिमूटभर लागतो. मना सांगून काय फायदा, दादूस? तिला सांगाया पायजे व्हता. येकदा. नुसता येकदा. ती बांधावरशी चालली असती."

त्यानं चौकट उचलली, बांधावर उरलेले चार-सहा चिंचोके वेचून मुठीत घेतले, आणि भेंडीच्या झाडाकडे चालू लागला. मास्तर मागून गेले. दोन म्हातारे, एका ओळीत, एका बांधावर. एके काळी काठी मोजत गेले होते तसेच, फक्त आज धाकटा पुढे होता.

झाडाखाली ते दोन खळगे होते. भेंडीची पिवळी फुलं तिथं पडून तांबूस झाली होती. जोमा गुडघे टेकून बसला. मुठीतले चिंचोके त्यानं खळग्यांत ठेवले, अर्धे या टाचेत, अर्धे त्या टाचेत. मग चौकट त्यावर उभी केली, एका काठीवर, दाराच्या चौकटीसारखी, आणि चारी कोपरे हातानं सरळ केले. काटकोन, काटकोन, काटकोन, काटकोन.

हात काढला. चौकट कलू लागली.

मास्तर पुढे झाले. त्यांनी वाकून खालच्या कोपऱ्याला मूठ धरली, कोपर समोरच्या वरच्या कोपऱ्याला लावलं, आणि हात तिरपा, ताठ केला. चौकट थांबली.

"धर," जोमा म्हणाला. "सोडू नको."

मास्तरांनी सोडली नाही. हात भरून आला, खांदा दुखू लागला, बोटं बधिर झाली. सोडली नाही. जोमा शेजारी बसून राहिला, भावाकडे न बघता, भावापासून हातभर अंतरावर.

सूर्य तिवरांवर टेकला. मिठाचा प्रत्येक कण, सहा अंगांचा, आठ कोपऱ्यांचा, क्षणभर पेटला आणि विझू लागला. आणि त्या कलत्या प्रकाशात, म्हाताऱ्या हाताच्या कर्णानं तोलून धरलेल्या त्या चौकटीची सावली लांबली, तिरकी झाली, रस्ता ओलांडून बांधावर चढली. एक उघडं, रिकामं, काळं दार होऊन बांधावरून पुढे पुढे गेली, जिथं सेहेचाळीस वर्षांत कमळीचं एकही पाऊल पडलं नव्हतं तिथवर, पाण्याच्या अगदी काठापर्यंत, आणि तिथं थांबली.